खणाखालची टोपी

त्या मशीनला मी पहिल्या दिवसापासून भ्याले. तशी मी भिणाऱ्यातली नाय. मंडपवाला असो, बँडवाला असो, नाय तर गवतावर गाडी घालणारा नवरीचा मामा असो, मी तोंडावर बोलते. बीड बायपासच्या आमच्या लॉन्सवर लग्नाला येऊन गेलेला माणूस जेवणात काय होतं ते विसरंल, पण आवडाबाईनं काय सुनावलं ते विसरायचा नाय. पण ती गवत कापायची पेट्रोलची मशीन सुरू झाली का मी हातातलं काम सोडून तिच्याकडं बघत राहायचे, आन् ती बंद होईस्तोवर जागची हलायचे नाय.

कारण होतं त्याला. सोयगावला माझा भाऊ बद्रीनाथ कडबाकुट्टीवर होता आन् मी मागून पेंढ्या देत होते. पेंढीसंगं त्याचा हात आत गेला. मी अगदी जवळ उभी, तरी मला कळलं नाय, कारण मशीनचा आवाज जरासुद्धा बदलला नाय. कडबा कापताना जसा होता तसाच राहिला. लोक म्हणतात, रक्त बघून भ्याली असंल. रक्ताचं काय नाय वो. तो न बदललेला आवाज माझ्या कानातून अजून जात नाय.

आन् आमच्या ह्यांना काम कसलं लागावं, तर पात्याच्या मशीनचं! आमच्या मालकांनी, काकासाहेबांनी, लॉन्स काढलं तवा आमी दोघं गावाकडून इथं आलो. झाडलोट आन् फुलझाडं माझ्याकडं, गवत ह्यांच्याकडं. राहायला मागं एक खोली. हे स्वभावानं थंड. मी कितीपण बोलले तरी हे फक्त ‘व्हय’ म्हणणार, आन् ऐकलेलं काय नसणार. हात सांभाळा, पाय सांभाळा, चप्पल घालून मशीन चालवू नका, बूट घाला, खडे वेचून घ्या मंग फिरवा, असं मी दिवसभर चालू ठेवायचे. हे ‘व्हय’ म्हणायचे. बोलायचा कारखानाच काढल्यावर कोण कशाला ध्यान दील?

त्या मशीनच्या पोटात आडवं पातं असतं, छताच्या पंख्यासारखं, पण धारेचं. वर इंजिन. ढकलायच्या मुठीला लागून एक लोखंडी दांडी असती. ती मुठीला दाबून धरली तरच मशीन चालती, सोडली का बंद. माणूस घसरला, पडला, तर मशीननं आपोआप गप बसावं, म्हणून ती सोय. आन् इंजिनावर प्लग, त्या प्लगवर काळी रबरी टोपी, तिच्यातून वायर. ती टोपी उपसून काढली का मशीन मेली. मंग पात्याला हात लावा, कायपण करा. हे सगळं मला अन्सारभाईंनी शिकवलं. क्रांती चौकाजवळ त्यांचं फवाऱ्यांचं, मशीनींचं दुरुस्तीचं दुकान हाय.

झालं असं, का नवरात्रातल्या एका कार्यक्रमानंतर मंडपवाल्यांनी एक लोखंडी खुंटी गवतातच ठोकलेली ठेवली. ह्यांनी मशीन फिरवली आन् खण्णकन आवाज झाला. पातं वाकलं. तेव्हापासून मशीन हिवताप आल्यावाणी हुडहुडायला लागली. मंडपवाल्याला मी फोनवर असं झोडपलं का त्यानं पुढं माझा नंबरच उचलला नाय. पण पातं काय त्यानं सरळ व्हायचं नव्हतं. दसऱ्याला लॉन्सवर एक साखरपुडा होता. काकासाहेब म्हणले, गवत झालंच पायजे.

अन्सारभाईंकडं आमी दोघं गेलो. त्यांच्या दुकानात दसऱ्याची ही गर्दी, स्वतः येणं जमत नव्हतं. नवं पातं दिलं आन् ह्यांना सगळं समजावलं. पेट्रोलची चावी बंद करायची. मशीन आडवी करताना प्लगची बाजू वर ठेवायची, नाय तर तेल भलतीकडं उतरतं. पातं फिरू नये म्हणून लाकडाचा ठोकळा अडकवायचा, हातानं धरायचं नाय. नव्या पात्याची वर वळलेली टोकं मशीनच्या पोटाकडं यायला पायजेत. आन् पेट्रोल बंद केलं म्हणून निश्चिंत राहायचं नाय, आत घोटभर राहतंच, तेवढं एका झटक्याला बास होतं. पातं जोरात फिरलं का इंजिनपण फिरतं, आन् टोपी जागेवर असंल तर ते पेटतं. हे मान हलवत होते. अन्सारभाईंनी ह्यांच्याकडं बघितलं, मंग माझ्याकडं.

“भाभी, पहले टोपी, फिर हात. तुम ध्यान में रखो. इनका कुछ भरोसा नक्को.”

खंडेनवमीला आमच्याकडं हत्याराची पूजा असती. विळे, खुरपी, कात्र्या, पाण्याची मोटर, गवताची मशीन, सगळं धुऊनपुसून मांडायचं, आन् एकदा पूजा झाली का दसऱ्यापर्यंत त्याला कामाला लावायचं नाय. पूजा दुपारी होती. म्हणून हे सकाळीच शेडपाशी पात्याला लागले, दुपारच्या आत गवत कापून मशीन पूजेला द्यायची होती. मी समोर उभी राहून बघितलं. ह्यांनी टोपी उपसली, वायर बाजूला वळवली, पेट्रोलची चावी बंद केली. सगळं शहाण्या माणसावाणी. मशीन आडवी करून पाना लावला, तर पात्याचा बोल्ट गंजून धरलेला. हलंना. ह्यांनी त्यावर तेल सोडलं, पेट्रोल गळू नये म्हणून मशीन परत चाकांवर उभी केली, आन् तेल मुरेस्तोवर भाकर खाऊन येतो म्हणले. पान्याला जोडायला एक लांब पाइपपण शेजारच्या गॅरेजातून आणायचा होता. मी माझ्या झेंडूकडं गेले. मला बरं वाटत होतं. टोपी मी माझ्या डोळ्यांनी निघालेली बघितली होती.

काकासाहेबांच्या आई लक्ष्मीबाई लॉन्सच्या इमारतीतच वरच्या मजल्यावर राहतात. लई मायाळू बाई. आमच्या ह्यांना पोटच्या पोरावाणी बघतात. पूजा त्याच करतात, दुसऱ्या कुणाला करू देत नायत. त्या दिवशी भटजींनी फोनवर सांगितलं, दुपारपेक्षा सकाळचा वेळ चांगला. बाईंनी लगेच ताट घेतलं आन् खाली उतरल्या. मी तिकडं पार टोकाला, कुंपणाजवळ. मला ह्यातलं काय माहीत नाय.

थोड्या वेळानं मी पाणी प्यायला परत आले, तर बाई पायरीवर बसून दम खात होत्या. रिकामं ताट मांडीवर. मी त्यांना पाणी दिलं. समोरच्या रस्त्यापलीकडं देवीच्या मंडळाचा स्पीकर नुसता आग ओकत होता, एकमेकींचं बोलणं कानाशी जाऊन ऐकावं लागत होतं. बाई म्हणल्या, सगळी पूजा झाली, मोटरला हार घातला, कात्र्यांना कुंकू लावलं, मशीनला तर खणच पांघरला, यंदा लई राबली बिचारी. मी हसले. मंग त्या म्हणल्या:

“पुंजारामला सांग गं, वस्तू नीट ठेवत जा म्हणावं. मशीनची ती काळी टोपी निघून लोंबत होती. मी बसवली दाबून, टक्क वाजली तवा सोडली. अपुरं हत्यार पूजेला ठेवू नये.”

माझ्या हातातला तांब्या कुठं पडला मला माहीत नाय.

मी वळून बघितलं. गवताच्या पार पलीकडं, शेडपाशी, हे गुडघ्यावर बसले होते. मशीन आडवी केलेली. इंजिनावर हिरवा खण, लाल नाडाछडीनं गच्च बांधलेला. साखरपुडा उद्यावर आलेला, म्हणून हे पूजा झालेल्या मशीनलापण लागले होते, पण खण काढला नव्हता. देवीच्या नावानं घातलेला खण हे कसा काढतील? खणाखाली टोपी होती आन् ह्यांना वाटत होतं ती नाय, कारण ती ह्यांनीच सकाळी काढली होती. आन् मुठीला झेंडूचा हार. जवळ गेल्यावर दिसलं, तो निसटू नये म्हणून बाईंनी दोरा मुठीभोवती आन् त्या दांडीभोवती मिळून गुंडाळला होता, आवळून. दांडी मुठीला दाबली गेली होती. म्हंजी मशीनच्या हिशेबानं कुणीतरी दांडी धरून उभंच होतं. बाईंनी काय वाईट केलं नव्हतं. पण माणूस वाचवायच्या जेवढ्या सोयी त्या मशीनीत होत्या, तेवढ्या सगळ्या त्यांनी हळदीकुंकू लावून बंद केल्या होत्या.

ओरडावं असं वाटलं. पण स्पीकरपुढं माझा आवाज काय पोचणार? आन् पोचला असता तर आणखी वाईट. हे दचकतात. मागून हाक मारली का सगळं अंग झटकतात. मी पळाले. ह्या वयात, साडी वर खोचून, त्या गवतावरनं पळाले. दरवेळी ते गवत मला केवढंसं वाटायचं, त्या दिवशी सरंना. पळताना मला फक्त ह्यांचा कोपर दिसत होता. कोपर पुढं मागं होत होता, म्हंजी हात आत होता. देवा, मी म्हणत होते, नको, नको, परत नको. दुसरं काय सुचत नव्हतं.

जवळ गेले आन् बघितलं. लाकडाचा ठोकळा निसटत होता म्हणून ह्यांनी तो बाजूला टाकला होता. डाव्या हातानं पातं धरलेलं, बोटं धारेच्या मागनं वळवलेली. उजव्या हातात पान्याला जोडलेला पाइप. पाइपला झोका देऊन देऊन ओढत होते. बोल्ट सुटत नव्हता, पातंच वीतभर फिरत होतं, आन् त्यासंगं ह्यांचा हात.

मी समोर जाऊन बसले. कानाशी वाकून हळू म्हणलं, “अवो, हात काढा.”

“व्हय,” हे म्हणले, आन् ओढत राहिले.

परत म्हणलं, टोपी बसलीय, हात काढा. हे म्हणले, व्हय, आत्ता सुटतोय. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाय. ह्यांना वाटलं, आवडाचं नेहमीचं चाललंय. मी ह्यांचा दंड धरणार होते, पण मधेच थांबले. मी ओढलं आन् पातं फिरलं तर? मी खणाकडं हात घातला. नाडाछडीच्या गाठीवर गाठी. एक सोडवावी तर खाली दुसरी. वरून कापडातनं ती टोपी लागत होती, चांगली घट्ट बसलेली, पण पकडीत येत नव्हती. आयुष्यभर जे तोंड चालवलं ते आता कामाचं राहिलं नव्हतं. माझ्याजवळ असा एकपण शब्द उरला नव्हता जो ह्या माणसानं मी आधी शंभरदा बोललेला ऐकला नव्हता.

“पुंजाराम,” मी म्हणले.

उखाणा सोडला तर ते नाव माझ्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. ह्यांनी तर नायच नाय. ह्यांनी मान वर केली. तोंडावर असे भाव, जशी मी भर लॉन्समधी कुणा परक्या माणसाला हाक मारली. पाइप सोडला. पातं सोडलं. दोन्ही हात बाहेर आले.

“काय म्हणलीस तू?”

मी म्हणले, टोपी बसलीय, बाईंनी बसवलीय. हे म्हणले, येडी का काय, सकाळी ह्याच हातांनी काढली मी. मी म्हणले, खण काढा आन् बघा. हे म्हणले, पूजेचा खण हाय, ओढाओढ करू नको. ह्यांना राग आला होता. टोपीचा नाय, नाव घेतल्याचा. कानशिलं लाल झाली होती. नेहमी थंड असणारा माणूस असा तडकला का बाजूला टाकलेला ठोकळा उचलला आन् जिथं ह्यांचा हात होता तिथंच आत ठोसून बसवला. घे, म्हणले, लावलं लाकूड, झालं तुझं समाधान? आन् उठून, दोन्ही हातांनी पाइप धरून, सगळं अंग टाकून एक हिसका दिला.

इंजिन एकदाच वाजलं. फाडकन. खणातून धूर आला. पातं गर्रकन फिरलं, पाइप ह्यांच्या हातातून उडून गवतात जाऊन पडला, आन् ठोकळा माझ्या खांद्याजवळून जाऊन शेडच्या पत्र्यावर आदळला. एवढंच. पेट्रोल बंद होतं आन् मशीन आडवी, म्हणून ती चालू राहिली नाय, लगेच गप झाली. मंडळाचं गाणं चालूच होतं.

ठोकळा मी उचलून आणला. बाभळीचं लाकूड, वाळलेलं, दगडावाणी. त्याचा कोपरा गेला होता. सुरीनं लोणी काढावं तसा. मी तो ह्यांच्यापुढं धरला. हे ठोकळ्याकडं बघत राहिले, मंग खाली बसले.

बाई धापा टाकत आल्या. कसला आवाज झाला, विचारायला लागल्या. माझ्या डोक्यात जाळ झाला होता. मी तोंडावर सांगितलं, तुमी बसवलेल्या टोपीचा आवाज, बाई, ह्यांचा हात आत होता. बाईंना आधी समजलं नाय. मी ठोकळा दाखवला, पातं दाखवलं, हाराचा दोरा दाखवला. मंग समजलं. त्या तिथंच गवतावर टेकल्या आन् कुंकवानं भरलेली बोटं पदराला पुसायला लागल्या, पुसतच राहिल्या.

“मला कुणी सांगितलं नाय गं,” त्या म्हणल्या.

खरं होतं ते. मला सांगितलं होतं, ह्यांना सांगितलं होतं. काकासाहेबांनासुद्धा अन्सारभाईंनी फोनवर सांगितलं होतं. ज्या बाईचा हात वर्षातून एकदा न चुकता त्या मशीनला लागतो, तिला टोपी काय असती हे आमी कुणी सांगितलं नव्हतं. माझा राग जिथल्या तिथं बसला. भीती तेवढी राहिली.

बाई म्हणल्या, राहू द्या ते पातं, गवत राहू द्या, साखरपुडा गेला उडत. पण मला ते तसं सोडायचं नव्हतं. आज राहिलं तर उद्या परत ह्यांचाच हात आत जाणार. मी विळ्यानं नाडाछडी कापली. खण घडी करून बाईंच्या मांडीवर ठेवला. हाराचा दोरा तोडला, तशी दांडी मुठीपासून सुटून मागं आली. टोपी उपसली. ती ह्यांच्या हातात दिली. म्हणलं, मशीनजवळ बसा आन् ही धरा, मी सांगितल्याबगर सोडू नका. ह्यांनी ती धरली. आधी एका हातात, मंग त्यावर दुसरा हात.

आन् मंग मी माझा हात आत घातला.

काय सांगू तुमाला! टोपी ह्यांच्या मुठीत मला दिसत होती, मशीन मेलेली हाय हे मला पक्कं माहीत होतं, तरी मनगटापासून पुढं तो हात माझा वाटत नव्हता. ठोकळ्याची दुसरी बाजू अडकवली. पाइप लावला. मी ओढायची, थांबायची, ह्यांच्या मुठीकडं बघायची, परत ओढायची. बोल्ट सुटला तवा कर्र वाजला आन् मी किंचाळले. बाईपण किंचाळल्या. हे मात्र हलले नायत. जुनं पातं काढलं, आतलं वाळकं गवत लाकडानं खरवडलं, नवं पातं लावलं, वळलेली टोकं पोटाकडं. वॉशर जसा निघाला तसाच घातला. बोल्ट आवळला, परत आवळला, लाकूड काढलं, आन् पातं एका बोटानं हळू फिरवून बघितलं, कुठं घासत तर नाय. नाय घासलं. घामानं माझी चोळी भिजली होती.

“झालं,” मी म्हणले. “सोडा आता.”

हे तसेच उकिडवे बसलेले. नजर माझ्या हाताकडं, मी तो बाहेर काढला होता तरी.

“सोडा वो. झालंय.”

“सुटत नाय,” हे म्हणले.

खरंच सुटत नव्हती. मूठ अशी आवळली होती का नखं पांढरी पडलेली. वरचा हात मी ओढून काढला. खालचा धरून माझ्या मांडीवर घेतला आन् करंगळीपासून सुरुवात केली. एकेक बोट उघडून सरळ करायची, चोळायची, मंग दुसरं. हे बघत होते, जसं काय तो हात कुणा दुसऱ्याचा होता. अंगठा शेवटी सुटला. टोपी खाली लोंबली. तळहातावर तिचा गोल ठसा उठला होता, काळ्या तेलाचा.

लई काय काय बोलायचं होतं मला. रडू आलं, ते बाईंपुढं दाखवायचं नव्हतं. म्हणून मी तोंड फिरवलं आन् नेहमीच्या आवाजात ओरडले,

“आता बसलाय काय असे? उठा. जावा, दोन्ही हात धुऊन या.”